डाव्या बाजूचा खिसा

१५ जानेवारी, गुरुवार

सगळ्यात आधी कोण टपकलं? ओचोआबाई! आणि तीही एक दिवस आधी! मी आपली खुराड्यातली घाण खरडत होते. डोक्याला गेलेल्या नवऱ्याची, व्हर्लिनची जुनी लोकरी टोपी, एका पायात माझा बूट, दुसऱ्यात मुलाचा, रॉइसचा. फाटकातून गाडी आत आली. म्हटलं गॅसवाला असेल. तर उतरली ही — माझ्या खांद्याएवढी, पांढरी वेणी, पाठ मात्र काठीसारखी ताठ. म्हणते, "मिसेस टॉलिव्हर ना? मी कार्मेलिता ओचोआ."

"अगं बाई, उद्या येणार होतात ना?"

"उद्याच. पण लोक आदल्या दिवशी खरं वागतात. म्हणून मी आदल्या दिवशी येते."

आवडलीच मला! टोपी काढायचीसुद्धा विसरले. तशीच आत नेली, कॉफी दिली. खुराड्याचा वास आला असेल, तरी तिने तोंड वाकडं केलं नाही. उलट कोंबड्यांची नावं विचारली. आयुष्यभर शेरीफच्या हाताखाली काढलं म्हणे. आता शिक्षकांच्या संघटनेचं काम बघते. संघटना म्हणजे आमच्यासारख्या पिस्तूल शिकवणाऱ्यांची. लोकांनी स्वतःचा जीव कसा वाचवावा ते शिकवणारे, स्पर्धेतले नेमबाज नव्हेत. आता सगळ्यांनी एकच धडा एकाच पद्धतीने शिकवायचा ठरलंय, म्हणून ही मंडळी गावोगाव फिरून बघतायत की कुठली रीत टिकते.

आणि कसली रीत? तर पिस्तुलातल्या गोळ्या संपल्या की नवी डबी कशी भरायची! एवढंच! मॅगझिनला मी डबीच म्हणते. माझी नात शेल्बी हसते, हसू दे. खालून मुठीत सरकते ती डबी. एवढ्याशा डबीसाठी माणसं टूसॉनहून येतात. येवोत बापडी. किती दिवसांनी या टेबलावर पाच ताटल्या लागणार! ओचोआबाई, तो दुसरा लाइल म्हणून आहे तो, रॉइस, शेल्बी आणि मी. बीन्स आत्ताच भिजत टाकले.

तळ्यावर क्रौंच पक्षी उतरलेत. हजारांनी. दिवसभर कलकलाट. ओचोआबाई म्हणाली, "यांच्यापुढे पिस्तुलाचा आवाज काहीच नाही."

१६ जानेवारी, शुक्रवार

लाइल आला. उंच, किडकिडीत, गळ्यात वेळ मोजायचं यंत्र गाईच्या घंटेसारखं लटकलेलं. बोलतो कमी. पीच भरून भाजलेल्या गोड पायचे तीन तुकडे मात्र न बोलता संपवले. मला अशी माणसं आवडतात.

जेवताना भांडण झालंच. होणारच होतं. नीट लिहून काढते म्हणजे डोकं हलकं होईल. माझं अक्षर वाकडं. सहावीनंतर शाळा सुटली, कापूस वेचायला गेले. पण हे पान तक्रार करत नाही.

व्हर्लिन शिकवायचा ती रीत अशी — पिस्तूल अजून रिकामं झालेलं नाही, डबी अर्धी उरलीये, आणि जरा उसंत मिळाली. तर ती अर्धी फेकायची नाही. कमरेच्या पट्ट्यावरून भरलेली डबी वर आणायची, त्याच हाताने अर्धी काढून बोटांत धरायची, भरलेली आत ढकलायची आणि अर्धी डाव्या बाजूच्या खिशात. तान्ह्याला एका हातावर पेलून दुसऱ्याने दुपटं बदलतात ना, तसलं अवघड काम. त्याच्या बंडीला डाव्या बाजूला खोल खिसा मीच शिवून दिला होता. रॉइसच्या बंडीलाही मीच दिला. रॉइस वडलांचं तंतोतंत शिकवतो.

शेल्बी ते शिकवायला तयार नाही. शेल्बी रॉइसची मुलगी. तीन वर्षं झाली तीही शिकवते, बायका तिच्याकडेच येतात. ती म्हणते रिकामी झाली तर रिकामी खाली पडू द्या, भरलेली घाला, पुढे चला. अर्धी असली तरी तेच. माती लागली तर नंतर पुसू.

रॉइस म्हणाला, "गोळ्या असलेली डबी मातीत टाकायची? आणि त्याच गोळ्यांची गरज पडली तर?"

"बाबा, ज्याला गरज पडली असा एक माणूस दाखवा मला."

"तुझे आजोबा."

"आजोबांकडे डब्याच मोजक्या होत्या! आणि खाली ही भुसभुशीत माती. डबीत रेती गेली की अडकते. म्हणून राखायचे ते, आजीच सांगते."

सांगतेच मी. यात लपवायचं काय? लग्नानंतर आमच्याकडे एक पिस्तूल आणि मोजक्या डब्या. व्हर्लिन खाणीवर राखणदार. डब्या रेतीने भरून आणायचा आणि माझ्याच टेबलावर साफ करायचा, जिथे मी पीठ मळायची तिथे! मग राखायला लागला. पुढे माणसं शिकायला आली तेव्हा तेच शिकवलं, आणि हळूहळू त्याला मोठमोठी कारणं चिकटली. कारणं काही खोटी नव्हती. पण आधी आली ती रेती.

रॉइस म्हणाला, "कशामुळे का असेना, बाबांची रीत आहे." मग लाइलकडे वळून, "व्हर्लिन टॉलिव्हरचा धडा या नेमबाजीच्या मैदानावरून गेला तर मीही गेलो. लिहून घ्या."

शेल्बीने काटा खाली ठेवला. "आणि राहिला तर मी जाते. कोलोराडोवाल्यांना मी अजून नाही म्हटलेलं नाही."

कोलोराडोत तिला नोकरी मिळतेय, जूनपासून. मला माहीत होतं. पण पाहुण्यांसमोर, सगळ्यांच्या देखत! म्हणजे निकाल कसाही लागो, माझ्या टेबलाची एक खुर्ची जाणार. मी उठून आणखी पीच-पाय आणला. दुसरं काय करणार?

लाइल म्हणाला, "मॅडम, अजून एक तुकडा असेल तर…"

१७ जानेवारी, शनिवार, सकाळ

लिहायला दहाच मिनिटं आहेत. पण आधी लिहायलाच हवं. मला पिस्तूल चालवायला सांगितलं!

कालच दुपारी, जेवणाच्या आधी. भांडणाच्या नादात लिहायचंच राहिलं. लाइल म्हणाला, म्हातारी माणसं पण शिकायला येतात, सांधे धरलेली, तुम्ही करून बघाल का मॅडम? मी नाही म्हणणारी थोडीच! कानावर टोपणं, डोळ्यांवर चष्म्यावर चष्मा. शेल्बी शेजारी उभी.

त्यांचा प्रश्न असा होता. पिस्तूल रिकामं झालं की वरचं झाकण मागे जाऊन अडकतं. नवी डबी घातली की ते पुढे सोडायचं. त्याला दोन वाटा. एक, बाजूची बारकी कळ अंगठ्याने दाबायची. दोन, झाकण वरून अख्ख्या हाताने धरून मागे ओढायचं आणि सोडून द्यायचं. रॉइस अंगठ्याची शिकवतो, शेल्बी अख्ख्या हाताची.

माझ्या अंगठ्याने ती कळ हलली असती तर नवल! मी दाबतेय, दाबतेय, तोंड वेडंवाकडं, जीभ बाहेर. ओचोआबाई मागून म्हणते, "सोडा, माझाही अंगठा असाच गेलाय." मग अख्ख्या हाताने ओढलं. बरणीचं झाकण फिरवतात तसं. आणि खट्! सुटलं! निशाणाची फळी फोडली मी. फळीच्या कडेला लागलं, पण लागलं!

रॉइस हसला नाही. म्हणाला, "आईचं वेगळं. ज्यांच्या अंगठ्यात जोर आहे त्यांनी अंगठा वापरावा, अर्धा सेकंद वाचतो."

शेल्बी म्हणाली, "आणि हात रक्ताने ओला असेल तर?"

लाइल म्हणाला, "दोघंही बरोबर आहात," आणि कागदावर काहीतरी लिहिलं. दोघंही बरोबर हे या घरात कुणाला ऐकायचं नसतं.

आता खरी परीक्षा. शेल्बीने पशुखाद्याचं पोतं भरून त्याचं बाहुलं केलंय. जखमी पोर म्हणून ओढून न्यायचं. गोळ्या झाडायच्या, डबी भरायची, पोतं भिंतीआड ओढायचं, पुन्हा झाडायच्या, पुन्हा भरायची. आणि लाइल गोंधळवायला कानाशी ओरडणार. मी लिंबूपाणी करून नेते.

१७ जानेवारी, शनिवार, संध्याकाळ

मला लिहवत नाही. उद्या लिहीन.

१८ जानेवारी, रविवार

पाहुणे गेले. निकाल आत्ता देणार नाही म्हणाले. आणखी दोन मैदानं बघायचीत, मग सांगू. ओचोआबाईने जाताना माझे दोन्ही हात धरले. "बीन्ससाठी तरी परत येईन." तारीख मात्र सांगितली नाही.

काल झालं ते असं.

शेल्बी आधी गेली. तिचं ठीक झालं. एक रिकामी डबी तिच्या बुटाखाली आली आणि पाय घसरला, आई गं म्हणाली, पण सावरली. पोतं ओढून भिंतीआड, डबी खाली, नवी आत, खट्. लाइलने यंत्राकडे बघून मान हलवली. रॉइसने टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. तिच्या कामाचं वाईट त्याने कधी चिंतलं नाही.

मग रॉइस. साठीचा माणूस, पण मैदानात उतरला की व्हर्लिनच वाटतो, तशीच मान पुढे. पट्ट्यावर दोन भरलेल्या डब्या. लाइल ओरडायला लागला. इतका शांत माणूस, कुठून एवढा आवाज काढतो! "पोरगं मरतंय! हल! हल!" मी खुर्चीवर बसून लिंबूपाण्याचा जग घट्ट धरलेला.

पिस्तूल रिकामं झालं. झाकण मागे अडकलं. इथे काय करायचं? रिकामी खाली पडू द्यायची. रॉइससुद्धा हेच शिकवतो! रिकामी राखत नाहीत, अर्धीच राखतात, हे तो घसा सुकेपर्यंत सांगतो. पण हाताने काय केलं? रिकामी काढली, बोटांत धरली आणि डाव्या बाजूच्या खिशात घातली. नीट, खोलवर. मला दिसलं. शेल्बीलाही दिसलं, तिने डोळे मिटले.

मग पट्ट्यावरची एक भरली, पोतं ओढलं, भिंतीआड गेला, झाडल्या. पुन्हा रिकामं. पट्ट्यावर एक भरलेली अजून होती! तिथेच, कंबरेला, जिथे नेहमी असते. पण हात गेला खिशात. जिथे शेवटचा गेला होता तिथेच परत गेला. रिकामी डबी बाहेर आली आणि पिस्तुलात गेली.

कळ दाबतोय. झाकण पुढे जाईना. रिकामी डबी आत असल्यावर ते कसं जाणार? पुन्हा दाबतोय. मग ओढतोय. लाइलचं ओरडणं बंद झालं. क्रौंचांचा आवाज तेवढा. आणि रॉइस पिस्तुलाकडे बघत उभा — पिस्तुलाने त्याला ओळख दाखवली नाही असा.

मग त्याने डबी काढली, उलटी केली, रिकामी बघितली. आणि माझ्याकडे बघितलं. आठ वर्षांचा असताना ट्रॅक्टर कालव्यात घातला होता, तेव्हा असाच बघत होता.

लाइल म्हणाला, "हे माझंही झालंय, सर. एकदा नाही."

ओचोआबाई म्हणाली, "मी हे खऱ्यात पाहिलंय. माझा ड्यूटीवरचा जोडीदार."

रॉइसने बंडी काढून खिळ्याला टांगली, गाडीत बसला आणि गेला. शेल्बीने भरलेल्या, रिकाम्या सगळ्या डब्या रेतीतून वेचल्या. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या पाठीशी उभी राहिली आणि रडली. "मला जिंकायचं नव्हतं गं आजी. असं नव्हतं जिंकायचं."

मी म्हटलं, "मग कसं?"

ती टेबलावर डब्या पुसायला बसली.

१९ जानेवारी, सोमवार

रॉइस फोन उचलत नाही. बंडी मी खिळ्यावरून काढून आत आणली, पाऊस येईल म्हणून. आला नाही.

२१ जानेवारी, बुधवार

एक गोष्ट मनात घोळतेय. गेल्या वर्षी शेल्बीने स्वयंपाकघराची मांडणी बदलली, म्हणजे मिठाची बरणी चुलीच्या डावीकडून उजवीकडे आली. वर्ष झालं. मला पक्कं माहीत आहे मीठ कुठे आहे. कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण दूध उतू जायला लागलं, फोन वाजला, मांजर पायात आलं की हात डावीकडेच जातो. रिकाम्या फळीवर चाचपडतो. हात माझं ऐकत नाही, त्याने जे जास्त वेळा केलंय त्याचं ऐकतो.

रॉइस लाखो वेळा सांगत आला की रिकामी राखू नका. पण हाताने आयुष्यभर सराव कशाचा केला? राखायचा! हाताला कुठे ठाऊक ती रिकामी आहे का अर्धी. त्याला एवढंच माहीत, डबी निघाली की खिशात.

हे मी शेल्बीला सांगितलं, कांदे चिरता चिरता. ती म्हणाली, "हेच मी बाबांना तीन वर्षं सांगतेय."

"तू वादात सांगतेस. मी मिठाचं सांगतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. कांदा बारीक चिर."

व्हर्लिन असता तर काय म्हणाला असता? वाईट हे की मला ठाऊक नाही. तो वाद घालणारा होता पण हट्टी नव्हता. रॉइसला हा हट्ट कुठून मिळाला? माझ्याकडून मिळाला असणार. माझ्या आईने शेवटपर्यंत फ्रिज घेतला नव्हता.

तांबडी कोंबडी अंडी देत नाहीये. थंडीमुळे.

२४ जानेवारी, शनिवार

आज मैदानावर वर्ग होता, शेल्बीचा. सहा बायका. रॉइस येणार होता मदतीला, दर शनिवारी येतो. आला नाही. शेल्बी एकटीच निशाणाच्या फळ्या लावत होती तेव्हा एका बाईने विचारलं, "तुमचे बाबा कुठे?" शेल्बी म्हणाली, "आजारी आहेत." असं खोटं ती आयुष्यात दुसऱ्यांदा बोलली असेल.

वर्गात ती चांगली होती. पण मध्येच थांबायची आणि डावीकडे बघायची, जिथे रॉइस उभा राहतो तिथे.

दुपारी मला म्हणाली, "कोलोराडोला हो म्हणून टाकू का?"

मी म्हटलं, "निकाल तुझ्या बाजूने लागणार. मग जायचं कशाला?"

"बाबांशिवाय इथे काय करू?"

बघा आता! निकाल इकडे लागो की तिकडे, एक खुर्ची जाणार असं मला वाटलं होतं. आता तर दोन्ही जायला निघाल्या.

२५ जानेवारी, रविवार

चर्चहून येताना रॉइसकडे वळले. पेकानच्या झाडांच्या बागेमागचं त्याचं घर. शेल्बीची आई टूसॉनला गेल्यापासून तिथे एकटाच राहतो. दार उघडंच. टेबलावर फोन, जुन्या शिकाऊ लोकांचे नंबर आणि गार झालेली कॉफी. मला वाटलं लाजेने तोंड लपवून बसला असेल. मी मनात बोलायचं सगळं तयार करून आले होते. बीन्सचं भांडं हातात.

तो म्हणाला, "आई, बस. दोन मिनिटं," आणि फोन लावला.

"मी टॉलिव्हर. हो, हो, मैदानवाला. किती वर्षं झाली? ऐक, मी तुला एक शिकवलं होतं, डबी खिशात राखायची. ते विसर. रिकामी तर मुळीच राखू नकोस. खाली टाक. … नाही, काही झालं नाही. माझंच झालं. … हो, माझंच. सराव कर, खाली टाकायचा. बायकोला पण सांग."

ठेवला आणि दुसरा लावला. मी बसून ऐकत राहिले. प्रत्येकाला तेच. "माझंच झालं." एकालाही वाकडंतिकडं सांगितलं नाही.

मग म्हणाला, "मला स्वतःची लाज नाही वाटत, आई. म्हणजे वाटते. पण रात्रभर डोक्यात हे येत नाही. हे येतं की मी किती हातांना हे शिकवलं. त्यातला एक जरी कुठे पार्किंगमध्ये असा उभा राहिला, झाकण ओढत—"

बीन्स गरम केले. तयार करून आणलेलं सगळं बोलणं तसंच घरी परत आणलं.

निघताना मात्र म्हटलं, "शेल्बीला सांग की फोन करतोयस ते."

"तिला कशाला?"

"तिला वाटतं तू तिच्यावर रागावलायस."

तो चकितच झाला. "तिच्यावर? तिच्यावर का?"

पुरुष! आठ दिवस पोर झुरतेय आणि याला पत्ता नाही.

२८ जानेवारी, बुधवार

शेल्बी काल संध्याकाळी त्याच्याकडे गेली. आज सकाळी परत आली. डोळे सुजलेले पण हसत होती. अर्धे नंबर तिने लावले म्हणे. दोघं आळीपाळीने.

एक गंमत सांगितली. पूर्वीचा एक विद्यार्थी, आता ट्रक चालवतो, त्याला रॉइसने सगळं सांगितलं. तर तो म्हणाला, "सर, खरं सांगू? ते खिशाचं मी फक्त तुमच्यासमोर करायचो. घरी सराव करताना खालीच टाकायचो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

रॉइस इतका हसला, इतका हसला, की शेल्बीला वाटलं रडतोय. मग ती पण हसली. "बरं केलंस!" म्हणाला त्याला. "बरं केलंस माझं ऐकलं नाहीस!"

मी विचारलं, "मग आता मैदानावर येतोय का तो?"

शेल्बी म्हणाली, "ते नाही बोलले." आणि कोलोराडोचं? तेही नाही बोलली. मी विचारलं नाही. काही गोष्टी दोन्ही हातांत एकदम धरायला जावं तर दोन्ही निसटतात.

तांबडीने अंडं दिलं!

३० जानेवारी, शुक्रवार

ओचोआबाईचा फोन, शेल्बीला. निकाल सांगितला. डबी खाली टाकायची, रिकामी असो की अर्धी, हा सगळ्यांचा धडा. राखायचं शेवटच्या दिवशी शिकवायचं, सावकाश, गोळीबार थांबल्यावर करायचं म्हणून. कळ का हात, ते शिकणाऱ्याच्या हातावर सोडलंय. म्हणजे माझा अंगठा सरकारदरबारी पोचला!

व्हर्लिनची रीत अगदीच नाही गेली. जागा तेवढी हलली, मिठासारखी.

रॉइसला निकाल कोण सांगणार? शेल्बी म्हणाली, तू. मी म्हटलं, तू. शेवटी दोघींपैकी कुणीच फोन केला नाही. रविवारी जेवायला ये एवढाच निरोप ठेवला.

१ फेब्रुवारी, रविवार

आला! निकाल त्याला ठाऊक होता, ओचोआबाईने त्यालाही केला होता फोन. खुर्चीवर टांगलेली बंडी घेऊन माझ्या मांडीवर टाकली. "आई, हा खिसा काढ."

मी म्हटलं, "काढला तर हात कुठे जाईल?"

त्याने खिशात हात घालून बघितला. "हात जाणारच गं. साठीचा आहे तो, माझं ऐकणार नाही. तू फक्त तळ उसव."

उसवला. एक एक टाका. शेल्बीने रिकामी डबी खिशात टाकली, ती सरळ फरशीवर आपटली, मांजर पळालं. "बाबा, तरी सेकंदभर हळूच आहात तुम्ही!"

"हळू तर हळू. परत हातात नाही ना आली? माझ्या वयाचे आले शिकायला की त्यांना हेच दाखव."

"तुम्हीच दाखवा ना," ती म्हणाली. "मी शेजारी उभी राहीन. जूनमध्येही."

ओचोआबाई आणि लाइल १४ मार्चला येतो म्हणालेत, शनिवारी. पाच ताटल्या लागतील.